पुलाला फौजीचं नाव द्यायचंय ना, मग आधी पूल कुणाचा ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. गावाजवळच्या ओढ्यावर नवीन पूल झाला. ग्रामसभेत एकमताने ठरलं की त्याला गावच्या दिवंगत सुभेदारांचं नाव द्यायचं, ते मराठा लाइट इन्फंट्रीच्या जंगी पलटणीत होते आणि 1971 ला जमालपूरच्या (आताच्या बांगलादेशातल्या) लढाईत होते. पोरांनी वर्गणी काढून कठड्यावर ग्रॅनाइटचा फलक बसवला आणि थोड्याच दिवसांत बांधकाम उपविभागाचं पत्र आलं, विनापरवानगी लावलेला फलक काढून घ्या. आता गाव चिडलंय, आणि तुम्ही विचारताय की देशासाठी लढलेल्या माणसाचं नाव लावायला परवानगी कसली मागायची.

मी नोकरी बांधकाम खात्यातच केली, बहुतेक वर्षं पुलांवर गेली, आणि रिटायर झाल्यावर तालुक्यातल्या माजी सैनिकांचे कागद बघून देतो, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू बघितल्यात. सरळ सांगतो, पत्र पाठवणारा तो उपअभियंता तुमच्या सुभेदारांच्या विरोधात नाहीये, त्याच्या नोंदवहीत असलेल्या पुलाला परस्पर कुणीतरी ड्रिल मारलं एवढंच त्याला दिसतंय. त्याने पत्र दिलं नाही तर उद्या दुसरी पार्टी दुसरा फलक घेऊन येते आणि मग तो दोघांच्या मध्ये सापडतो.

ग्रामसभेचा ठराव हवाच, त्याशिवाय फाइल हलत नाही, पण तो ठराव म्हणजे शिफारस. ग्रामपंचायत नाव देऊ शकते ते तिच्या स्वतःच्या मालकीच्या गोष्टीला, म्हणजे गावातला चौक, गल्ली, समाजमंदिर, व्यायामशाळा. पूल ज्याचा रस्ता त्याचा. आपल्याकडे राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग (कागदावर प्रजिमा लिहितात) सार्वजनिक बांधकाम खात्याकडे असतात, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. राष्ट्रीय महामार्ग केंद्राचा, मग देखभाल कुणीही करत असो. कॅनॉलवरचा पूल बऱ्याचदा जलसंपदाचा निघतो आणि रेल्वेवरचा असेल तर रेल्वेला विचारल्याशिवाय खिळासुद्धा मारायचा नाही. तुम्हाला पत्र बांधकामच्या उपविभागाकडून आलंय, पण त्यात खातं कुठलं हे तुम्ही लिहिलं नाही, आणि गंमत अशी की उपविभाग दोन्हीकडे असतात, राज्याच्या बांधकाम खात्याचाही आणि जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाचाही. लेटरहेड नीट बघा, निम्मे लोक इथेच चुकीच्या दारात जाऊन बसतात.

लेटरहेडवरून कळलं नाही तर रस्त्यावर जा. किलोमीटरच्या दगडाचं डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्य मार्ग, केशरी असेल तर ग्रामसडक योजनेतला. आणि पुलाच्या कठड्याच्या टोकाला रंगाने एक आकडा टाकलेला असतो, 12/1 किंवा 7/3 असा, तो कुणाचा बिल्ला नंबर नाही, वरचा आकडा म्हणजे कितवा किलोमीटर आणि खालचा म्हणजे त्या किलोमीटरमधला कितवा पूल किंवा मोरी. खात्याच्या दृष्टीने तुमच्या पुलाचं खरं नाव तेच आहे. अर्जात "आमच्या गावाजवळचा पूल" असं लिहिलंत तर क्लार्क फाइल बाजूला ठेवणार. रस्त्याचं नाव, त्याचा क्रमांक, किलोमीटर, पुलाचा नंबर, ओढ्याचं नाव आणि दोन्ही बाजूच्या गावांची नावं लिहिलीत तर तोच क्लार्क पाच मिनिटांत पूल शोधतो.

आता ठराव. ग्रामसभेला कोरम लागतो मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 यातला जो कमी तो. सभा तहकूब होऊन परत भरली की कोरम लागत नाही हे खरंय, पण नावाचा ठराव तहकूब सभेतला असेल आणि हजेरीवर पंधरा सह्या असतील तर पुढे कुणी तक्रार केली की ती फाइल लंगडी पडते. ठरावाच्या नकलेवर सूचक, अनुमोदक, तारीख, ठराव क्रमांक पाहिजे. पुलाच्या पलीकडचं गाव वेगळ्या ग्रामपंचायतीत असेल तर त्यांचाही ठराव घ्या, हे फार लोक विसरतात. पूल दोन्ही काठांचा असतो आणि पलीकडच्या गावात त्यांचाही एखादा फौजी असतोच.

पुढचा रस्ता: जिल्हा परिषदेचा पूल असेल तर प्रस्ताव जिल्हा परिषदेच्या सर्वसाधारण सभेपुढे जातो, 2022 पासून बऱ्याच ठिकाणी निवडून आलेली बॉडी नसून प्रशासक बसले होते त्या काळात हे काम प्रशासकाच्या सहीवर चालायचं. राज्याच्या बांधकाम खात्याचा असेल तर उपविभाग, कार्यकारी अभियंता, अधीक्षक अभियंता असं करत वर मंत्रालयात. आमदारांचं शिफारसपत्र जोडा, त्याने मंजुरी मिळते असं नाही पण फाइल कुठे झोपली ते विचारायला एक माणूस मिळतो. राष्ट्रीय महामार्ग असेल तर खरं सांगू का, वेळ प्रचंड लागतो, तोपर्यंत फाट्यावरच्या ग्रामपंचायतीच्या चौकाला नाव देऊन टाका आणि पुलाचं चालू ठेवा.

बरं, तुमच्या बाजूने एक गोष्ट आहे, पूल नवा आहे. नवीन पुलाला नाव देणं आणि जुन्याचं बदलणं यात फार फरक. मुंबईतला कर्नाक पूल बघा, इंग्रज गव्हर्नरच्या नावाचा, जुना पाडून महापालिकेने नवा बांधला आणि जुलै 2025 मध्ये उघडताना सिंदूर पूल नाव दिलं, ऑपरेशन सिंदूरवरून. नवा बांधला म्हणून नावाला मोकळी जागा मिळाली. उलट पुण्यात लकडी पुलाचं अधिकृत नाव छत्रपती संभाजी महाराज पूल आहे, आणि रिक्षावाल्याला अजूनही लकडी पूलच सांगावं लागतं, तेही लाकडाचं काही शिल्लक नसताना. सांगलीचा आयर्विन पूल 1929 चा, व्हाइसरॉयच्या नावाचा. स्वातंत्र्याला एवढी वर्षं झाली तरी ते नाव कुणी हलवू शकलं नाही, कारण कृष्णेला पाणी आलं की अख्खा जिल्हा आयर्विनजवळ किती फूट झालं हेच विचारतो, 40 ला इशारा आणि 45 ला धोका. म्हणजे नाव फलकाने राहिलं नाही, रोजच्या कामाच्या बोलण्यात आणि सरकारी बातमीत बसलं म्हणून राहिलं. तुम्हालाही तेच साधायचंय, त्यामुळे फलकाच्या मागे लागण्याआधी खात्याच्या पुलांच्या नोंदवहीत नाव चढवून घ्या. मंजुरीच्या पत्रात "सदर नावाची नोंद पुलाच्या अभिलेखात घेण्यात यावी" असं एक वाक्य आलं पाहिजे, ते प्रस्तावातच मागा. उद्या पूल रुंद झाला, फलक जेसीबीने उडाला, तर नोंद असेल तरच नवीन लागतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि ज्याकडे गावं सगळ्यात कमी लक्ष देतात ते म्हणजे सैनिकाचे स्वतःचे कागद.

आपल्याकडे गावात प्रत्येक फौजीला मेजर म्हणतात. सुट्टीवर आलेला शिपाई पण मेजर आणि पेन्शनीतला हवालदार पण मेजर. प्रेमाने म्हणतात, ठीक आहे, पण दगडावर कोरायला गेलात की घोटाळा होतो. एका गावी (नाव नको) फलकावर ठसठशीत "मेजर" लिहिलं होतं. माणूस होता कंपनी हवालदार मेजर, म्हणजे कंपनीतला सगळ्यात कर्दनकाळ आणि सगळ्यात लाडका माणूस, पण ऑफिसर नव्हे. कार्यक्रमाला त्यांच्या पलटणीतले दोन म्हातारे सोबती लांबून आले होते, त्यातल्या एकाने चष्मा पुसून फलक दोनदा वाचला आणि मुलाला बाजूला घेऊन विचारलं, "हे मेजर कोण रे? आपल्या सीएचएमचं नाव कुठाय?" फलक कापडाने झाकून कार्यक्रम उरकला. दगड परत करायला पैसे गेले ते वेगळेच.

म्हणून डिस्चार्ज बुक काढा, निवृत्त होताना लष्कराने दिलेलं. घरात ट्रंकेत असतं, नसलं तर पेन्शनची पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) असेल, त्यावर सर्व्हिस नंबर, रँक, रेकॉर्ड ऑफिस सगळं असतं. नंबर जेसीने सुरू होत असेल तर माणूस नायब सुभेदार किंवा त्यावर गेलेला. मानद रँक वेगळी लिहायची, मानद कॅप्टन असेल तर "मानद कॅप्टन", नुसतं कॅप्टन नाही. आणि अजून एक, तुमचे सुभेदार निवृत्त झाले तेव्हा सुभेदार होते, 1971 ला कदाचित नाईक किंवा लान्स नाईक असतील, पलटणीच्या लढाईच्या कागदात ते त्याच रँकने सापडतील, सुभेदार म्हणून शोधलंत तर सापडणारच नाहीत आणि तुम्हाला वाटेल रेकॉर्ड गहाळ झालं.

मेडल बघा. संग्राम मेडल 1971 चं, ते बऱ्याच जणांकडे असतं. त्याच्या जोडीला पूर्वी स्टार असेल तर माणूस पूर्व आघाडीवर, बांगलादेशाच्या बाजूला होता, पश्चिमी स्टार असेल तर पश्चिम आघाडीवर. जमालपूर पूर्वेला, तिथे जंगी पलटणीने डिसेंबर 1971 मध्ये लढाई मारली, त्यामुळे तुमच्याकडे पूर्वी स्टार निघायला हवा. गोल मेडलच्या कडेवर बारीक अक्षरात नंबर, रँक, नाव ठोकलेलं असतं, काळं पडलेलं असलं तरी पॉलिश मारू नका, अक्षरं झिजतात, उजेडात तिरपं धरून भिंगाने वाचा. हे एवढ्यासाठी सांगतो की पलटण लढाईत होती म्हणजे पलटणीतला प्रत्येक माणूस त्या रात्री तिथे होताच असं नाही, कुणी रेजिमेंटच्या ट्रेनिंग सेंटरला, कुणी सुट्टीवर, कुणी हॉस्पिटलात. तुमचे होते असं तुम्ही म्हणताय, मी शंका घेत नाही, पण दगडावर "जमालपूर" कोरायचं तर कागद हातात पाहिजे. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड बेळगावला आहे. महार असते तर सागरला, मध्य प्रदेशात, बॉम्बे सॅपर्स (लष्कराचे इंजिनिअर) असते तर खडकीला, तोफखान्याचे असते तर नाशिक रोडला. थेट पत्र लिहून बसू नका, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत वारसाच्या सहीने अर्ज करा, त्यांना तो रस्ता माहीत असतो आणि त्यांचं ना-हरकत किंवा शिफारसपत्र प्रस्तावाला जोडायला हवंच असतं. शौर्यपदक असेल तर त्याची नोंद राजपत्रात असते, संरक्षण मंत्रालयाच्या शौर्य पुरस्कारांच्या वेबसाइटवर नाव शोधता येतं. युद्धात गेलेल्यांची नावं दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात कोरलीत, तिथल्याशी ताळा करा. आणि तुमचे सुभेदार लढून घरी आले, शेती केली, म्हातारपणी गेले, तर फलकावर "शहीद" लिहू नका, पोरं उत्साहात लिहितात. लढून जिवंत परत येणं यात काही कमी नाही.

मुलांची, मुलींची, पत्नी असतील तर त्यांची लेखी संमती घ्या, सगळ्यांची. भावकीतला एक जण रुसला तर तो तक्रार नावाविरुद्ध करत नाही, ठरावाच्या प्रक्रियेविरुद्ध करतो, आणि फाइल तिथेच थांबते.

प्रस्तावाला अर्ध्या पानाची टिपणी जोडा, या माणसाचं या जागेशी नातं काय म्हणून. लडाखमध्ये श्योक नदीवर कर्नल चेवांग रिंचेन सेतू आहे, 1,400 फूट लांब, दौलत बेग ओल्डीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, 21 ऑक्टोबर 2019 ला उघडला. रिंचेन नुब्राचेच, 1948 ला पोरवयात महावीरचक्र, 1971 ला परत महावीरचक्र, आणि 1971 ची त्यांची तुर्तुकची कारवाई त्याच श्योकच्या खोऱ्यातली. त्या नदीवर त्यांचंच नाव का, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तुमचे सुभेदार शाळेला जाताना हाच ओढा पावसाळ्यात पोहून जायचे, भरतीला निघाले ते इथूनच, असं जे काही खरं असेल ते लिहा. "थोर देशभक्त, त्यागमूर्ती" हे अर्धं पान वाचून कुणाच्या डोक्यात काही राहत नाही. (जाता जाता, कुणाच्या गावात सॅपर होऊन गेला असेल तर त्याच्या नावाचा पूल मला जास्तच आवडेल. कारवारजवळच्या चेंडियाचे रामा राघोबा राणे बॉम्बे सॅपर्सचेच, एप्रिल 1948 मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे काढत रणगाड्यांना वाट करून दिली आणि परमवीरचक्र मिळवलं. 2023 ला अंदमानात त्यांच्या नावाचं बेट झालं. रस्ता उघडून देणाऱ्या माणसाचं नाव रस्त्याच्या कामाला किती शोभेल बघा.)

फलक कठड्यावर नको. यावर मी कुणाशी वाद घालत नाही. ड्रिल मारलं की भोकातून पाणी आत जातं, आतली सळई गंजते, फुगते आणि काँक्रीटचा पोपडा सुटतो, दोन पावसाळ्यांत तपकिरी ओघळ दिसायला लागतो. तुमचा पूल बुडीत, म्हणजे पुरात पाण्याखाली जाणारा, असेल तर अजूनच नको, तिथे पुरात झाडं, ओंडके, ऊस सगळं येऊन आपटतं, म्हणून तर अशा पुलांचे लोखंडी कठडे पावसाळ्याआधी काढून ठेवायचे असतात. फलक जोडरस्त्यावर, पुलाच्या अलीकडे, डाव्या बाजूला, साइडपट्टीच्या बाहेर, स्वतःच्या पायावर उभा करा, पूररेषेच्या वर, आणि वळणावर नजर अडणार नाही असा. खरं तर दोन गोष्टी पाहिजेत. एक खात्याचा रिफ्लेक्टिव्ह बोर्ड, नुसतं नाव आणि ओढ्याचं नाव, गाडीतून वाचता येईल असा, तो मंजुरीनंतर खातंच त्यांच्या साइझमध्ये लावेल. दुसरा तुमचा दगड, पायी जाणाऱ्यासाठी, थांबून वाचायला. काळ्या ग्रॅनाइटवर पांढरी अक्षरं खोल कोरून घ्या, सोनेरी रंग दिसायला भारी असतो पण उन्हाने उडाला की काहीच वाचता येत नाही. मजकूर एवढाच पुरे:

सुभेदार (पूर्ण नाव)
पहिली बटालियन, मराठा लाइट इन्फंट्री (जंगी पलटण)
जमालपूर, डिसेंबर 1971
राहणार मौजे (गावाचं नाव)

पदक असेल तर नावाच्या पुढे लिहा, सैनिकी सन्मान लिहायला घटनेने मुभा दिलीय, पद्म पुरस्कारांसारखी अडचण नाही. अशोकस्तंभाचं चिन्ह टाकू नका, त्याच्या वापरावर 2005 चा कायदा आहे. रेजिमेंटचं बोधचिन्ह टाकायचं तर रेजिमेंटल सेंटरला पत्र लिहून विचारा. आणि "यांच्या शुभहस्ते, यांच्या प्रमुख उपस्थितीत, यांच्या विशेष प्रयत्नातून" ही सगळी यादी दगडाच्या मागच्या बाजूला, नाहीतर वेगळ्या कोनशिलेवर. मी असे फलक बघितलेत की सैनिकाचं नाव शोधायला वरून सहाव्या ओळीवर यावं लागतं, आणि ते ठेकेदाराच्या नावापेक्षा बारीक.

पुतळ्याचा विषय निघेलच, कुणीतरी काढतंच. सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2013 मध्ये सार्वजनिक रस्ते, फूटपाथ अशा जागांवर नवीन पुतळे उभारायला परवानगी देऊ नका असं राज्यांना सांगितलंय, तेव्हा पुलाच्या तोंडाशी पुतळा विसरा. अगदी हवाच असेल तर शाळेचं किंवा ग्रामपंचायतीचं स्वतःचं आवार, आणि त्याची परवानगी पुन्हा वेगळी.

दुसरं नाव पुढे आलं तर? येतंच. कुणी महापुरुषाचं नाव सुचवतं, कुणी माजी सरपंचांचं, आणि एकदा महापुरुषाचं नाव टेबलावर आलं की सुभेदारांच्या बाजूने बोलणारा माणूस आपोआप अडचणीत येतो. म्हणून ग्रामसभेच्या आधीच घरोघरी बोलून घ्या, विषयपत्रिकेवर विषय स्पष्ट लिहा, आयत्या वेळच्या विषयात घुसवू नका. हयात माजी सैनिकाचं नाव सुचवणारेही भेटतात, भावना चांगली असते, पण बहुतेक ठिकाणी हयात व्यक्तीचं नाव देत नाहीत, त्यांना उद्घाटनाला बोलवा, फीत त्यांच्या हातून कापा.

तारीख ठरवताना आचारसंहिता बघा, चालू असेल तर फलकावरचं कापड निघत नाही. तुमच्या बाबतीत 16 डिसेंबर, विजय दिवस, याहून चांगला दिवस नाही. वीरपत्नी किंवा घरच्या बाईमाणसांना पहिल्या रांगेत खुर्ची, आणि भाषणं आवरती ठेवा, म्हातारे फौजी उन्हात उभे राहतात पण बसा म्हटलं तरी बसत नाहीत.

राहिलं ते पत्राचं. मुदतीत लेखी उत्तर द्या, सरपंचांच्या सहीने. त्यात लिहा की फलक ग्रामस्थांनी भावनेपोटी लावला होता, ग्रामपंचायत तो स्वतः काढून घेत आहे, आणि याच पत्रासोबत नामकरणाचा रीतसर प्रस्ताव सादर करत आहे. फलक पोरांनीच सन्मानाने काढावा, नारळ फोडून काढला तरी चालेल, पण खात्याच्या मजुरांनी पहार लावायची वेळ आणू नका, त्याचा व्हिडिओ झाला तर घरच्यांना वाईट वाटतं आणि ऑफिसही अडून बसतं. कठड्याची भोकं नॉन-श्रिंक ग्राउटने (सुकताना न आकसणाऱ्या मसाल्याने) बुजवून घ्या, नुसत्या सिमेंटने नाही. प्रस्ताव दोन प्रतींत द्या, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्या, आणि एक प्रत जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांना. मंजुरी आली की तिची झेरॉक्स घेऊन एसटीच्या आगारात अर्ज टाका, पुलाजवळच्या थांब्याला तेच नाव मिळालं तर कंडक्टर रोज चार वेळा ते नाव पुकारेल.